दहाव्याची जिलेबी

गावात कुणाकडेही कार्य असो, बुंदीची बादली माझ्या नवऱ्याच्या हातात असायची. लग्न असो, सप्ताह असो, वास्तुशांत असो, नाहीतर कुणाचा दहावा. आचारी कुठलाही आणा, वाढपी मात्र हेच. शर्टाच्या बाह्या वर दुमडलेल्या, कमरेला उपरणं आवळलेलं, आणि पंगतीतून फिरताना तोंडाची टकळी चालू, "घ्या पाव्हणं, लाजू नका, रोज थोडंच हाय!" पाव्हण्यानं ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून बुंदी सोडायचे. आमच्याकडे आग्रह झाल्याशिवाय माणूस जेवला असं कुणी मानत नाही, आणि आग्रह करावा तर यांनीच, असं श्रीगोंद्याच्या बाजारापर्यंत लोक बोलायचे. घरी आले की ओट्यावर टेकत म्हणायचे, "चार घास दे गं, वाढता वाढता जेवायचं राहिलं." मी म्हणायचे, "बादली पुसून आला असाल की." मग गालातल्या गालात हसायचे, कारण ते खरंच असायचं.

त्यांना शुगर आहे हे आम्हाला पायानं सांगितलं. उसाच्या फडात तुटलेल्या उसाचं खोडकं अंगठ्याशेजारच्या बोटात घुसलं आणि यांना कळलंच नाही. संध्याकाळी चप्पल काढली तर आत रक्त वाळलेलं. दुखत नाही म्हणून हळद लावून मोकळे झाले. बोट काळं पडायला लागलं तेव्हा मी भांडून नगरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बोट काढलं आणि दुसऱ्या दिवशी मला बाजूला बोलावून म्हणाले, "बाई, शुगर अशीच राहिली तर पुढच्या वेळी आपण बोटावर थांबणार नाही." मी पदर तोंडाला लावून तिथल्याच बाकावर बसले.

दवाखान्यात खाण्यापिण्याचं समजावून सांगायला एक मुलगी होती. वयानं माझ्या सुनेएवढी. तिनं यांना विचारलं, दिवसभरात काय काय खाता? हे अभिमानानं म्हणाले, "साखर सोडली तर सगळं. बाजरीची भाकरी सकाळी तीन, रातच्याला तीन. गव्हाला तर शिवतबी न्हाई." आमच्या भागात हीच समजूत आहे. शुगर झाली की चपाती सोडायची आणि भाकरी धरायची, मग कितीही खा. ती मुलगी म्हणाली, "काका, भाकरीचीपण पोटात साखरच होते. चपातीपेक्षा थोडी हळू होते, एवढंच. सहा भाकऱ्या म्हणजे फार झाल्या." हे माझ्याकडे बघायला लागले. "भाकर गोड कुठं लागती?" मला हसूही आलं आणि रडूही.

मी अंगणवाडीत सेविका. गावाची पोरं वजनकाट्यावर उभी करायची, खिचडी खाऊ घालायची, हे माझं काम. त्यामुळे कुणाच्या ताटात काय असावं हे बघायची सवय होतीच. घरी आल्यावर परडीतल्या भाकऱ्या मी कमी केल्या. आधी यांना एका वेळी एक, मग अर्धी, पुढे पुढे चतकोर. भात, पोहे, साबुदाणा, गुळाचा चहा, सगळं बंद. त्याजागी मेथी, शेपू, वांगं, दोडका, काकडी, मुळा, भाजलेले शेंगदाणे, सकाळी उकडलेली अंडी, रविवारी कोंबडीचा रस्सा, तोही भाकरी चुरून नाही, वाटीनं प्यायचा. पहिल्या दिवशी ताटाकडं बघून म्हणाले, "ही भाजी कशाशी खायाची?" तो प्रश्न मला पुरता समजला होता. आमच्यात भाजी ही भाकरीशी खायची गोष्ट आहे. नुसती भाजी खाणं म्हणजे जेवण अर्ध्यावर सोडून उठल्यासारखं.

मध्ये एकदा फजिती झाली. दुपारी गोठ्यात असताना यांचे हात थरथरायला लागले, अंग घामानं डबडबलं, आणि मला काही बोलायला गेले तर शब्द फुटेना. मी पळत जाऊन साखरेचं पाणी करून पाजलं. जरा वेळानं माणसात आले. फोन केला तर डॉक्टर माझ्यावरच उखडले. खाणं इतकं कमी केलंत आणि गोळ्या जुन्याच चालू, मग शुगर खाली पडणारच, ताट बदललं की आधी मला सांगायचं, असं म्हणाले. चूक माझी एकटीची नव्हती, पण ऐकून घेतलं. त्यांनी गोळ्या कमी करून दिल्या, आणि त्यानंतर मी ताटात बदल केला की त्यांना विचारूनच करायचे.

मग पायाची जखम भरत आली. तीन महिन्यांच्या सरासरीची जी तपासणी असते, ती उतरत उतरत डॉक्टरांना हवी होती तिथं आली. परत तपासायला गेलो तेव्हा डॉक्टर यांची पाठ थोपटून म्हणाले, असं ऐकणारे पेशंट मला थोडे मिळतात. यायला एसटीत बसलो तर हे खिडकीतून बाहेर बघत होते. मी विचारलं, खूश नाही का? म्हणाले, "हाय की. पाय वाचला." आणि पुन्हा खिडकीकडं वळले.

वाढायला मात्र यांनी जायचं सोडलं. बोट काढल्यावर एका लग्नात गेले होते, हौसेनं बादली हातात घेतली होती. परत आले ते थेट मोरीत, साबणानं हात धूत बसले. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, "तुपाचा वास जाईना गं हाताचा." पुढच्या कार्याला बादली दुसऱ्यानं घेतली. गावात कुणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. मला वाटलं. गाव कार्याला निघालं की मीच म्हणायचे, जाऊन बसा जरा मांडवात. ते म्हणायचे, "बसून काय करू?"

पण कार्य काही चुकवता येत नाही. एखाद्या दहाव्याला, लग्नाला गेलं नाही तर माणसं मनात धरून ठेवतात. तिथं गेलं की पंगतीला बसायलाच लागतं, आणि ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताटात बळंच वाढलं त्याला आता सगळे बळंच वाढणार. सुरुवातीला हे सांगायचे, डॉक्टर नको म्हणतात. कुणी ऐकायचं नाही. "डॉक्टरला काय कळतंय, एवढ्यानं काय होतंय, प्रसाद हाय!" मग यांनी एक युक्ती काढली. ताटावर हात धरून म्हणायचे, "नको बाबा, घरात गेल्यावर बायको भाकरीबी द्यायची न्हाई." पंगत हसायची आणि वाढपी पुढं सरकायचा. डॉक्टरला न मानणारे लोक बायकोच्या धाकाला लगेच मानतात. घरी येऊन मला सांगायचे, आज पुन्हा तुझ्या नावावर सुटलो. मीही हसायचे. म्हणायचे, "खुशाल सांगा. माझ्या नावानं पाय राहत असंल तर राहू द्या."

ती चेष्टा गावभर झाली. अंगणवाडीत बाया विचारायच्या, "काय वो ताई, मालकाला आज काय घातलं, शेपू का पालक?" एक म्हणाली, "पोरास्नी खिचडी आन नवऱ्याला पाला!" मीही उलट बोलायचे. म्हणायचे, तुमच्या नवऱ्यांना भाकरी घाला आणि मग नगरला पाय ठेवून या. माझी जीभ तिखट आहे हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणी मनावर घ्यायचं नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

नणंद दिवाळीला यायची ती लाडवांचा डबा घेऊन. मी डबा उचलून वर फळीवर ठेवायचे. ती डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, "वयनी, माज्या भावाची बरगडी दिसाया लागली." बरगडी दिसत होती हे खरं. सुटलेलं पोट गेलं होतं, सदरे ढगळ झाले होते. मला त्यात तब्येत दिसायची, तिला त्यात उपासमार दिसायची. हे दोघींच्या मध्ये बसून म्हणायचे, "ती देत न्हाई ना, काय करू मग?" आणि माझ्याकडं बघून डोळा मारायचे. नणंदेला तो डोळा दिसला नाही.

एक गोष्ट मला दिसत होती आणि थांबवता येत नव्हती. आमचा मुलगा ट्रॅक्टर चालवतो. हंगाम सुरू झाला की कारखान्याला ऊस वाहतो. दिवसभर सीटवर बसून, ऊस टाकायच्या गव्हाणीपुढच्या रांगेत तासन्‌तास थांबून, संध्याकाळी भुकेला येतो. हे त्याच्या शेजारी पाटावर बसायचे. आपली भाजीची वाटी लवकर संपवायचे आणि मग त्याच्या ताटाकडं बघत बसायचे. "घे रे अजून एक. तूप घे. गूळ घे की वाईच." सुनेला म्हणायचे, "वाढ त्याला, कष्टाचं पोरगं हाय." मी ओरडायचे, अहो, त्याला बळंच कशाला भरवता? त्यांना ऐकूच जायचं नाही. पोरगं बापाला वाईट वाटू नये म्हणून खायचं. त्याचा शर्ट पोटावर ताणला जायला लागला आणि यांच्या तोंडावर जी कळा यायची ती पूर्वी पंगतीत यायची तीच. ते बघून माझ्या अंगावर काटा यायचा.

हे गेले ते थंडीच्या दिवसांत. सकाळी उसाला पाणी लावायला गेले, बांधावर बसले, ते उठलेच नाहीत. दीर त्यांना घेऊन आला तेव्हा अंग अजून कोमट होतं. हार्ट, असं तालुक्याच्या डॉक्टरनं सांगितलं. मी नंतर मुद्दाम नगरला जाऊन त्या डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले, शुगर कळलीच नव्हती त्या काळात रक्तवाहिन्या खराब होऊन बसल्या होत्या. पथ्यानं पुढची खराबी थांबते, मागची सगळी पुसली जात नाही. तुम्ही त्यांना ही वर्षं मिळवून दिलीत. मी ते वाक्य पदराच्या गाठीला बांधून आणल्यासारखं घरी आणलं. पण घरी ते ऐकून घ्यायला कुणी मोकळं नव्हतं. दहाव्याची तयारी चालली होती.

दहावा नदीकाठी झाला. यांचा फोटो असलेला मोठा फ्लेक्स, मांडव, महाराजांचं प्रवचन, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. प्रत्येक जण बोलला की यांच्यासारखा वाढपी पुन्हा होणे नाही. एक जण माईकवर म्हणाला, "ज्यानं अख्ख्या गावाचं तोंड गोड केलं..." आणि माईक दुसऱ्याच्या हातात दिला. बायकांच्या घोळक्यात कुणीतरी हुंदका दिला. मी मान खाली घालून बसले होते.

मग पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, पण एकही खाली येईना. गेलेल्याचं मन कशात अडकलं असलं की कावळा शिवत नाही, ही आमची रीत, आणि मग घरच्यांनी पुढं होऊन शब्द द्यायचा असतो. मुलगा हात जोडून म्हणाला, "अण्णा, आईला अंतर द्यायचो न्हाई." कावळा हलला नाही. दीर म्हणाला, "दादा, विहिरीच्या पाण्यावरनं भांडाण करायचो न्हाई." नाही. सुनेनं सांगितलं, नातवंडांना शिकवू. नाही. ऊन वर आलं. माणसं कुजबुजायला लागली, आणि ती कुजबुज कुठं चालली आहे हे मला तिथं बसल्या जागी कळायला लागलं.

नणंद उठली. छाती पिटत म्हणाली, "कशाचा शबुद देताय रं? माजा भाऊ उपाशी गेला! भाकरीला म्हाग झाला हुता. सवताच्या तोंडानं सांगायचा ना सगळ्यास्नी, बायकू भाकर देत न्हाई म्हनून!" कुणी म्हणालं, व्हय, आमच्या पंगतीतबी म्हनला हुता. दुसरा म्हणाला, आमच्याबी. ज्यांनी ज्यांनी हसून बादली पुढं नेली होती ते सगळे आता साक्षीला उभे राहिले. मी म्हणाले, "अहो, ती चेष्टा होती त्यांची."

दिरानं मोटरसायकलवर माणूस पिटाळला. त्यानं हॉटेलातली जिलेबी आणली, कुणाच्या तरी घरून दोन भाकऱ्या आणल्या. पिंडाशेजारी मांडल्या. लोक मागं सरकले. आणि कावळा आला. आधी एक, मग दोन-तीन. जिलेबीचा वेढा चोचीत धरून एक उडाला तेव्हा सगळ्या घाटावर सुटकेचा आवाज झाला. माणसं डोळे पुसत होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं की मेल्यांनो, गरम जिलेबी मांडली तर कावळा कुणालाही शिवेल, माझ्या बापालाही शिवेल, तुम्हालाही शिवेल. पण नवऱ्याच्या दहाव्याला बाईनं असं बोलायचं नसतं. शिवाय खरं सांगायचं तर मलाही क्षणभर वाटलं, की खरंच राहिलं होतं का यांचं मन? ते वाटणं पुरतं गेलेलं नाही. रागाच्या तळाशी ते अजून बसलेलं आहे, आणि त्या कावळ्यावर माझा सगळ्यात मोठा राग त्याचाच आहे.

त्यानंतर पंगत बसली. मुलाला मध्ये बसवून सगळ्यांनी आग्रहानं जेवू घातलं. तो रडत रडत जिलेबी खात होता. बापासाठी म्हणून खात होता.

पुढच्या हंगामाच्या तोंडाला कारखान्यावर तपासणीचं शिबिर झालं. ड्रायव्हर लोकांची शुगर बघितली. मुलाची निघाली, आणि थोडीथोडकी नाही. चिठ्ठी सुनेनं त्याच्या खिशात बघितली आणि मला आणून दिली. मी मनाशी म्हटलं, बाई, हे तुला येतं. हे तू एकदा करून दाखवलंयस. आणि हा तर तरुण आहे, याचं अजून काही बिघडलेलं नाही, नुसतं ताट बदललं आणि वेळेवर डॉक्टर गाठला तरी याची गाडी रुळावर राहील.

संध्याकाळी मी त्याच्या ताटात एकच भाकरी वाढली आणि भाजीची मोठी वाटी ठेवली. त्यानं ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आई, हे चालू करू नको."

"अरे, तुझ्या बापाचा पाय वाचला होता याच्यावर."

"पाय वाचला. आन जीव कुठं अडाकला हुता? मी हात जोडून हुबा हुतो तिथं. मला उपाशी मरायचं न्हाई. काय व्हायचं ते खाऊन हुईल."

मी त्याला डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. बाप चेष्टा करत होता हे सांगितलं. शेवटी चिडून म्हणाले, "तुला तुझ्या आईपेक्षा कावळ्याचं खरं वाटतं?" तो हातातली भाकरी तशीच ठेवून उठला आणि भिंतीपलीकडं चुलत्याच्या घरी गेला. जाऊबाईनं त्याला वाढलं. तिचा आवाज मला ऐकू आला, "घे बाळा, घे, पोटभर जेव."

मी सुनेला म्हणाले, तू सांग त्याला, तुझं ऐकेल. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाई, मला माफ करा. उद्या काय बरंवाईट झालं तर घाटावर मला हुबं करतील. तुमच्यासारखं बोलायचं बळ माझ्यात न्हाई." माझ्या बळाचं काय झालं ते तिनं डोळ्यांनी बघितलं होतं.

आता तो बरेचदा तिकडंच जेवतो. माझ्याशी बोलतो, बाजारातून माझी बीपीची गोळी आठवणीनं आणतो, माझ्या पाया पडल्याशिवाय ट्रॅक्टरला चावी लावत नाही. शब्द दिल्याप्रमाणे त्यानं मला अंतर दिलेलं नाही. फक्त माझ्या हातचं जेवण तेवढं टाळतो. नगरला चल म्हटलं की हंगाम संपू दे म्हणतो. हंगाम संपला की लग्नसराई असते.

परवा सकाळी तो आंघोळीला जायच्या आधी मी मोरी धुवायला गेले तर कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागलेली. रात्री तो लघवीला तिथंच जातो. लघवीतून साखर जायला लागली की मुंग्या येतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी काही धुतलं नाही. त्याला हाक मारली आणि म्हणाले, "ये, बघ. हे तुला कुणी कावळा सांगत नाही."

तो टॉवेल खांद्यावर टाकून आला. बराच वेळ वाकून बघत राहिला. मला वाटलं, आता म्हणेल, चल आई, जाऊ नगरला. त्यानं माझ्या हातातला तांब्या घेतला, बादलीत बुडवला, मुंग्यांवर पाणी ओतलं, परत एकदा ओतलं. सगळं साफ झाल्यावर तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "संध्याकाळी माझं जेवण करू नको, काकाकडं पुरणपोळी हाय."